चार लिटरचा मंजूर कोटा

"सांगितलं तर कुणाला खरं वाटणार न्हाय," असं म्हणत इलाहीबक्षचाचा वजनकाट्यावरून उतरले.

काट्याचं म्हणणं मात्र साधं होतं. मंगळवारी डायलिसिस करून गेलेले चाचा शुक्रवारी साडेचार किलोंनी वाढून आले होते. किडनीनं काम कधीचंच सोडलेलं, म्हणजे हे सगळं पाणीच. नेहमीच्या चार तासांत एवढं ओढलं तर बीपी पडणार. म्हणून टेक्निशियन उत्कर्षानं मशीनवर सहा तास लावायला घेतले. अकरा वाजले होते. चार वाजता सात रस्ता चौकाजवळ चाचांच्या नातीची, शाइस्ताची मंगनी, म्हणजे साखरपुडा होता. चाचांना तीनच्या आत सुटायचं होतं.

"रोज एक लिटर सांगितलं होतं ना चाचा? कसं वाढलं?"

"सरकारी मंजुरीनं!" चाचा खाटेवर टेकले. "परवा मोठ्या दवाखान्यात गेलतो. साखर, बीपी, हृदय आणि किडनी. खिडकीतला साहेब म्हणला, एका केसपेपरवर एकच आजार बसतो. बाकीचे घरी ठेवून या."

"मग?" शेजारच्या खाटेवरच्या महेश्वरनं मान वर केली.

"ऱ्हात्यात व्हय घरी? साखरेनं बीपी आणला, दोघांनी मिळून किडनी खाल्ली, किडनीनं हृदय धरलं. एकत्र कुटुंब हाय की! चार केसपेपर काढले. एकानं गोड बंद केलं, दुसऱ्यानं मीठ, तिसऱ्यानं तेल-तूप, चौथ्यानं केळी आणि नारळपाणी. म्हणलं, मग खाऊ काय? तर तो विषय आहारतज्ज्ञांच्या कक्षेत येतो आणि ते पद रिक्त हाय."

महेश्वर खुदकन हसला. चाचांना चेव आला.

"शेवटी अवयव समन्वय समिती बसली. हृदयाचे प्रतिनिधी हजर, स्वादुपिंडाचे उशिरा आले. किडनी दीर्घ रजेवर, सबब तिचं मत गृहीत धरलं. ठराव झाला, प्रत्येक केसपेपरला रोज एक लिटर. चार कागद, चार लिटर, गोल शिक्का!"

"आणि तुम्ही प्यायलात?" उत्कर्षा म्हणाली.

"न पिऊन सांगतो कुणाला? मंजूर पाणी मुदतीत खर्ची पडलं न्हाय तर कोटा रद्द. वर विनियोग प्रमाणपत्र मागत्यात. मी नियमानं वागलो बाई. आता नियमानं वागणाऱ्याला सहा तासांची सजा व्हय?"

"खोटं! सगळं खोटं!" दारातून आवाज आला. चाचांच्या पत्नी कमरबी डबा घेऊन उभ्या होत्या. "कुटला दवाखाना आणि कुटली समिती? दोन दिवस मंगनीची आवतणं देत फिरत हुते. एकतीस घरं, एकतीस चहा! वर कुटं सरबत, कुटं ताक."

चाचा छताकडं बघू लागले. उत्कर्षानं सहा तास लावले.

"लावा, लावा. मंगनी म्या कालच सहाला ढकलली," कमरबी म्हणाल्या. "चाळीस वर्सं ओळखते की यांना."

महेश्वर आता पोट धरून हसत होता. कमरबी त्याच्याकडं वळल्या.

"हसू नका, महेश्वरभाऊ. पयला कप तुमच्याच घरातला. हे म्हणले, किडनीचं हाय, पाणी मोजून हाय. तर तुमी काय म्हणला? 'मग बिनसाखरेचा घ्या, अर्धाच!' तुमी स्वतः मशीनवर पडलेला माणूस! आणि ज्यांना हा रोग न्हाय, त्यांच्या दारात उद्या असा पेशंट आला, तर अर्धा कप पाजल्याबिगर सोडतील व्हय त्याला?"