साडेवीस माणसांचा पाव

गंमतगड थीम पार्कातला दालचिनीचा गोड पाव घरी करायचा तर दाराबाहेर वीस माणसांची रांग लावावी लागते. त्याशिवाय पीठ फुगत नाही.

हे पावाच्या पिशवीवरच छापलेलं होतं. मैदा, यीस्ट, कोमट दूध, लोणी, साखर, दालचिनीची पूड, आणि सगळ्यात शेवटी, चिमूटभर मिठाच्या खाली, ‘रांग : वीस माणसे, पाऊण तास’. संजीवनी सातवी शिकलेली, वाचायला तिला चांगलं यायचं. पण ‘मीठ चवीपुरतं’ आपण जसं वाचून सोडून देतो तसं तिने तेही सोडून दिलं.

तिला घाई होती. तिची ईश्वरी तीन वर्षांची, आणि ताट दिसलं की पोरगी ओठ गच्च मिटून घ्यायची. वरणभात नको, अंडं नको, शिरा नको. अंगणवाडीच्या काट्यावर वजन भरलं दहा किलो सहाशे. सेविका शबानाताईंनी कार्डावर टिंब दिलं ते पिवळ्या पट्ट्यात. “पंधरा दिवसांनी परत घेऊन या. दहा आठशेच्या वर गेली नाही तर तालुक्याच्या दवाखान्यात ठेवावी लागेल,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून संजीवनीच्या जिवाला घोर. बसता उठता लेकीच्या दंडाला बोटांचं कडं घालून बघायची, आणि बोटं एकमेकांवर चढली की पुन्हा भात कालवायला उठायची.

अशात बचत गटाची सहल गंमतगडला गेली. बाकीच्या बायका पाळण्यात बसल्या, पाण्यात भिजल्या. संजीवनी लेकीला घेऊन पावाच्या रांगेत उभी राहिली, कारण रांगेवर मांडव होता. पाऊण तासाने पाव हातात आला आणि ईश्वरीने न बोलता अर्धा संपवला. स्वतःची बोटं चाटली. मग आईचीही चाटली.

संजीवनीने पिशवीची नीट घडी करून घरी आणली.

सोमवारी तिने पीठ मळलं. ओव्हन नव्हताच, कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाला मीठ तापवलं. पण डब्यातलं पीठ बसलं ते बसलंच. तीन तासांनी आक्कांनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, त्यावर बोट वाजवून पाहिलं.

“पाव केलायस का पाटा?”

संजीवनीने पिशवीवरच्या नंबरला फोन लावला.

“गंमतगड, पाव विभाग. पोतनीस बोलतोय.”

“साहेब, पीठ फुगलं नाही.”

“रांग किती होती?”

“रांग नव्हती. घरात मी, सासूबाई आणि मुलगी.”

“मग ते कोणासाठी फुगेल, ताई?” पोतनीस शांतपणे म्हणाले.

तिने फोन ठेवला आणि पिशवी पुन्हा शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

शेजारच्या चौगुलेकाकींनी बुधवारी गल्लीतली वीस घरं गोळा केली. दुपारी तीनला रांग लागली. पण बुधवार हा नळाचा दिवस. पाणी आल्याची हाक ऐकू आली तशा बायकांनी नळावर करतात तेच इथेही केलं. प्रत्येकीने आपल्या जागी एकेक चप्पल ठेवली आणि घागर घ्यायला गेली. कुत्र्याने ओढू नये म्हणून कुणीकुणी वर दगडही ठेवला. दारासमोर वीस चपला, एकीमागे एक, अगदी शिस्तीत.

पीठ फुगलं. बरोबर चपलेएवढं. एका बाजूला मात्र दोन बोटं उंच झालं होतं. चौगुलेकाकींच्या सुनेची चप्पल उंच टाचेची होती.

“चपला चालत नाहीत,” फोनवर पोतनीस म्हणाले.

“नळावर चालतात की हो!”

“पाणी वेळ झाली की येतं, ताई. पाव माणूस बघून येतो.”

“आणि लहान मुलं?”

“तीन फुटांखाली अर्धं धरतो.”

“पाळण्यात बसायला?”

“सगळ्यालाच,” पोतनीस म्हणाले आणि आणखी काही शंका आहे का म्हणून विचारलं. नव्हती.

शुक्रवारी संजीवनी स्वतः घरोघरी गेली. एरवी कुणाच्या दारात वाटीभर साखर मागायला जायची तरी तिची जीभ टाळूला चिकटायची. आता ती प्रत्येक उंबऱ्यावर उभी राहून सांगत होती, “पाऊण तास पायांवर उभं राहायचं. चप्पल पायातच हवी.” यंत्रमागावरची दुपारची पाळी चुकवून दोन गडीसुद्धा आले. चौगुलेकाकींनी मोजलं. एकोणीस.

पीठ चढत चढत डब्याच्या काठाखाली एका बोटावर आलं आणि थांबलं.

आक्का कॉटवर बसून शेंगा सोलत होत्या. संजीवनीने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

“माझ्याकडं बघू नकोस,” आक्का म्हणाल्या. “या घरात मी माप ओलांडून आलीय. माझ्याच दारात मी रांगेत उभी राहू?”

तेवढ्यात ईश्वरी उठली. फळीवरची आपली छोटी थाळी घेतली, बाहेर गेली, आणि सगळ्यांच्या मागे उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पीठ अर्धं बोट वर आलं.

“साडेएकोणीस!” बाहेरून चौगुलेकाकी ओरडल्या. “आक्का, अर्ध्या माणसावाचून नातीचा पाव अडलाय हो!”

आक्कांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. मग मागच्या दाराने बाहेर पडल्या, कारण पुढच्या दाराने गेलं असतं तर रांग मोडली असती. वळसा घालून आल्या आणि ईश्वरीच्या मागे उभ्या राहिल्या.

“डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलंय म्हणून आलेय,” त्यांनी जाहीर केलं. “पावासाठी नाही.”

पीठ काठाला लागलं आणि वर अर्धं बोट गेलं. ते अर्धं कुणाचं, हे संजीवनीला बघताक्षणी कळलं.

पाव भाजला. दालचिनीचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला, पण रांगेतलं कुणी जागचं हललं नाही. संजीवनीने पावाचे वीस तुकडे आणि एक अर्धा तुकडा केला. मग आईचंच काळीज ते. पहिला तुकडा उचलून ती थेट लेकीकडे निघाली. मागे फुस्स झालं. वळून बघते तर पाव एक बोट खाली बसलेला. ती परत फिरली, तुकडा जागेवर ठेवला. पाव पुन्हा वर आला.

मग नंबराप्रमाणेच वाटायला लागलं. एक, दोन, पाच, नऊ. संजीवनीचे हात तुकडे देत होते आणि डोळे रांगेच्या शेवटाला होते. पोरगी कंटाळेल. थाळी टाकून खेळायला पळेल. रोज ताटावरून अशीच तर उठते. बारा. पंधरा. ईश्वरी थाळी छातीशी धरून एकेक पाऊल पुढे सरकत होती. एकोणीस.

“आण तो इकडं,” आक्कांनी नातीच्या डोक्यावरून हात पुढे केला. “मी भरवते तिला. हातानं कुठं खाते ती?”

“आजी, मागं!” ईश्वरी म्हणाली. “माझा नंबर आहे.”

सगळी गल्ली वळून बघायला लागली. या पोरीने अंगणवाडीत आजवर स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं.

आक्का एक पाऊल मागे सरकल्या. मग मान ताठ करून सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, “ऐकलंत? माझ्यावर गेलीय.”

संजीवनीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने अर्धा तुकडा थाळीत ठेवला. ईश्वरीने तो तिथेच उभ्याने खाल्ला, थाळी चाटली, आणि आजीला वळसा घालून रांगेच्या शेवटी जाऊन परत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पाव नव्हता, भाकरी होती. ईश्वरी थाळी घेऊन चुलीसमोर उभी राहिली. तिच्यामागे आक्का, आक्कांच्या मागे चौगुलेकाकी, आणि बघता बघता रांग दाराबाहेर गेली. गल्लीने आपसात वेळ ठरवून घेतली, सकाळी दहा आणि संध्याकाळी सात. भाकऱ्या टम्म फुगत होत्या. वरणालासुद्धा उकळी लवकर यायची.

पुढच्या शनिवारी अंगणवाडीत काटा दहा किलो आठशे सत्तरवर थांबला. शबानाताईंनी दोनदा पाहिलं आणि टिंब हिरव्या पट्ट्यात दिलं.

“काय खायला घालता हिला?”

“भाकरी, वरण, भात.”

“ते आधीही घालत होतात ना?”

“घालत होते,” संजीवनी म्हणाली. “तेव्हा रांग नव्हती.”

शबानाताईंनी मान डोलावली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘रांग, दिवसातून दोनदा.’ मग पेन थांबवून विचारलं, “माणसं किती?”

“साडेवीस.”

काट्यावरून ईश्वरीने मान वर केली.

“अर्धी नाही,” ती म्हणाली. “मी अख्खी.”

शबानाताईंनी काट्याकडे पाहिलं, साडेवीस खोडलं आणि एकवीस लिहिलं.