थोरल्या पिपाची किल्ली

माणसाची जीभ हे निसर्गाने बनवलेले सर्वांत बेभरवशाचे उपकरण आहे आणि हे मी प्रयोगाने सिद्ध करू शकतो, असे मी भर सभेत म्हणालो. वाचकहो, या प्रकरणातला सर्वांत क्लेशदायक भाग असा, की मी ते खरोखरच सिद्ध केले.

मी रसायनशास्त्रज्ञ. आठवडाभर खाली सियाँ शहरातल्या प्रयोगशाळेत लोकांच्या वाइनमधली आम्ले मोजतो आणि शनिवारी वर गावी येतो. आमचे गाव स्वित्झर्लंडमधल्या व्हालेच्या डोंगरात इतक्या तिरप्या उतारावर वसले आहे, की स्वयंपाकघरातून निसटलेला बटाटा पुढच्या गावात शिजतो.

आमच्याकडे पांढरी वाइन दोन तऱ्हांची. पहिली फाँदाँ. शरदात द्राक्षे खुडली, वसंतात बाटलीत, उन्हाळ्यात पोटात. रंगाने जवळजवळ पाणी, जिभेला बारीक चिमटे काढणारी, लिंडेनच्या फुलांचा पुसटसा वास असलेली आणि स्वभावाने सालस. चीजशेजारी मुकाट बसते, कोणाशी वाद घालत नाही. दुसरी हिमनदीची वाइन. हीसुद्धा खाली त्याच नदीकाठच्या त्याच उन्हात जन्मते. पण कोवळ्या वयातच तिला वर आमच्या तळघरात आणून लार्चच्या लाकडी पिपात कोंडतात. ते पीप कधीही पूर्ण रिकामे होत नाही. थोरल्या पिपातून जेवढी काढावी तेवढी धाकट्यातून भरायची, धाकट्यात त्याहून धाकट्यातली. परिणामी थोरल्या पिपात आजोबा, पणजोबा आणि खापरपणजोबा असे अख्खे एकत्र कुटुंब नांदत असते. तिला अक्रोडाचा, डिंकाचा, संत्र्याच्या वाळक्या सालीचा आणि ओल्या खोगिराचा वास येतो. फाँदाँ म्हणजे शाळा सुटल्यावर धावत येणारी भाची. हिमनदीची वाइन म्हणजे कोपऱ्यात बसून ‘तुझी बढती का अडली रे?’ असे विचारणारी आत्या. ती विकत नाहीत, बाटलीत भरत नाहीत. प्यायची तर तळघरात, पिपासमोर, उभ्याने.

या तळघराची किल्ली माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे सिप्रियाँ यांच्याकडे. त्यांच्या घराण्यात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. यंदा त्यांनी गुडघ्यांचे कारण सांगून ती खाली ठेवायचे जाहीर केले, आणि ती मागणारे दोघे निघाले. एक मी. दुसरा माझ्या बायकोचा चुलतभाऊ फिरमाँ, चौकातल्या हॉटेलाचा मालक. तळघरात रंगीत दिवे लावून पर्यटकांच्या टोळ्या उतरवण्याचे त्याचे स्वप्न होते.

“किल्ली फिरमाँच्या हातात गेली, तर बाबा त्या दिवशी जेवायचे नाहीत,” माझी बायको सोलांज म्हणाली. “आणि तूही.”

निवड गावचे वतनदार करतात. सभेत फिरमाँने पहिला वार केला. “दाजींना वाइन मोजता येते हो. चाखता कुठे येते?”

मी उभा राहिलो. शास्त्राचा अपमान मला सहन होत नाही. “तुमचे डोळे बांधले, दोन्ही वाइन सारख्याच गार ठेवल्या, आणि तळघराचा अंधार व तुमचे सुतकी चेहरे वजा केले,” मी म्हणालो, “तर अर्ध्या वतनदारांना फाँदाँ कुठली आणि थोरलं पीप कुठलं, हे ओळखता येणार नाही.”

प्रार्थना चालू असताना चर्चमध्ये कोणाचा तरी फोन वाजावा, तशी शांतता पसरली.

वतनदारांच्या प्रमुख ओदिलकाकू. आयुष्यभर टपालकचेरी चालवल्यामुळे त्यांना माणूसही पाकिटासारखा उजेडात धरून पाहायची सवय आहे. तसे मला पाहून त्या म्हणाल्या, “ठीक आहे. संत थेओदूलच्या सणाला करून दाखव. तुझं खरं निघालं तर किल्ली तुझी. खोटं निघालं तर फिरमाँची. आणि डोळ्यांना बांधायला धुतलेले रुमाल आण.”

सणाच्या दिवशी दुपारी मी प्रयोगाची मांडणी केली. रंग दिसू नये म्हणून एकाच घडणीचे दोन कथलाचे चंबू घेतले. एकात थोरल्या पिपातली वाइन काढली, दुसऱ्यात फाँदाँ ओतली, दोन्हींच्या बुडाला खडूने खूण केली आणि ते पिपाशेजारच्या दगडी कट्ट्यावर ठेवले. मांडणी इतकी निर्दोष होती, की मी क्षणभर तिच्याकडे बापाच्या मायेने पाहत राहिलो. मग वर सभागृहात रुमाल आणायला गेलो. तिथे ओदिलकाकू प्रत्येक रुमाल हुंगून पाहत होत्या. त्यामुळे उशीर झाला.

परत येऊन पाहतो, तर सासरे मोगरीने थोरल्या पिपाचे बूच ठोकत होते. कट्ट्यावर एकच चंबू होता, आणि तोही उपडा.

“बाबा, हे काय?”

“पीप रितं टाकून गेलात, जावईबापू. सणाचा दिवस. टकटक करून पाहिलं तर पोकळ बोललं.”

आमच्या गावात पाहुणा उपाशी राहिलेला खपतो, पण पिपात बोटभर पोकळी राहिलेली कोणालाही बघवत नाही. म्हातारे चालता चालता पीप वाजवतात आणि पोकळ आवाज आला की जे हाताशी असेल ते ओततात. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. मांडणीत ते तेवढे धरायचे राहून गेले.

“मग भरलंत कशानं?”

“इथे चंबू होता की.”

“कुठला? दोन होते.”

“मला एकच दिसला. दुसरा तुम्हीच नेला असेल.”

“मी नाही नेला. बाबा, ओतताना वास कसला येत होता?”

“वाइनचा,” ते म्हणाले, आणि प्रयोगशाळेतल्या हवेचा माझ्या मेंदूवर झालेला परिणाम न्याहाळू लागले. “दुसरा कसला येणार?”

मी चंबू उलटून पाहिला. सासऱ्यांनी तो स्वच्छ विसळला होता. वासही गेला होता आणि खडूही.

अशा प्रसंगी सामान्य माणूस घाबरतो. मी अनुमान केले. एक चंबू नाहीसा झाला, म्हणजे चोरीला गेला. चोरी करणारा फिरमाँच. माझा प्रयोग फसण्यात दुसऱ्या कोणाचे हित होते? चोर दोहोंतली चांगली वस्तू उचलतो. म्हणजे त्याने जुनी वाइन पळवली. म्हणजे मागे फाँदाँ उरली. म्हणजे पणजोबा आणि खापरपणजोबांच्या त्या कुटुंबात भाची शिरली होती, आणि तिला आत ढकलले होते खुद्द किल्लीच्या धन्याने. प्रत्येक पायरी खणखणीत होती. हे उघडकीस आले असते तर किल्ली गेलीच असती, पण सासऱ्यांची आयुष्यभराची अब्रूही तिच्याबरोबर गेली असती. म्हणून मी सोलांजला काहीही न सांगण्याचे ठरवले.

मग मी स्वतःला शास्त्राने धीर दिला. एवढ्या अवाढव्य पिपात एक चंबू! ते प्रमाण सांगायला दशांशचिन्हानंतर शून्यच लिहावे लागले असते. कोणत्याही मानवी जिभेला ते कळणे अशक्य होते. केवळ खात्री करून घ्यावी म्हणून मी अर्धा पेला काढून चाखला.

फाँदाँ!

अक्रोड होते, डिंक होता, खोगीर होते. पण त्या सगळ्यांच्या मागून भाची जीभ काढून दाखवत होती. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये, म्हणून मी पुन्हा चाखले. आता चिमटे स्पष्ट जाणवले. तिसऱ्या वेळी लिंडेनचा अख्खा रस्ता फुलला. त्यानंतरच्या निरीक्षणांची मला नीट नोंद ठेवता आली नाही, परंतु तळघराचा जिना अधिकाधिक मजेदार होत चालला होता आणि मी पिपाला ‘आत्याबाई’ म्हणून हाक मारल्याचेही मला अंधुक आठवते.

तेवढ्यात वतनदार उतरू लागले.

“काय दाजी, तालीम चाललीय वाटतं?” फिरमाँ म्हणाला. चोराच्या मानाने त्याचा चेहरा फारच निर्मळ होता, आणि त्यामुळे माझा संशय बळावला.

“प्रयोगाआधी रिवाज,” ओदिलकाकू म्हणाल्या. “थोरल्या पिपातला एकेक पेला. सिप्रियाँ, भरा.”

सासऱ्यांनी पेले भरले. सगळे प्यायले. मी चेहरे वाचू लागलो. पाववाल्याची भुवई चढली. फिरमाँने ओठ चाटले. ओदिलकाकूंनी डोळे मिटले आणि ते उघडेचनात. त्या मिटलेल्या डोळ्यांमागे निकालपत्र लिहिले जात असल्याचे मला स्वच्छ दिसले. माझा धीर सुटला.

“हो, हो, आहे त्यात फाँदाँ!” मी ओरडलो. “पण बाबांचा दोष नाही. दोष माझा आणि चोराचा!”

ओदिलकाकूंनी डोळे उघडले. त्या नेहमीची प्रार्थना पुटपुटत होत्या, हे मला नंतर समजले.

“फाँदाँ?” त्यांनी पुन्हा घोट घेतला. तो तोंडात फिरवला. त्यांचा चेहरा उतरला. “हो रे. मागाहून चिमटा काढते.”

“मी पहिल्याच घोटाला म्हणणार होतो,” फिरमाँ म्हणाला. “पाण्यासारखी झालीय.”

“लिंडेन,” पाववाला म्हणाला. “माझ्या आजोबांची वाइन ही. तिला लिंडेनचा वास!”

मग बांध फुटला. ज्याला त्याला फाँदाँ लागू लागली. एकाला तर ती कुठल्या मळ्यातली हेसुद्धा ओळखू आले. सासरे तेवढे हातात पेला धरून भिंतीसारखे पांढरे उभे होते.

“विचारा या फिरमाँला,” मी म्हणालो. “चंबू कुठे लपवलास?”

“कसला चंबू? दाजी, तुम्ही बसा बघू जरा.”

“चंबू ना? तो मी नेला,” जिन्यावरून आवाज आला. सोलांज हातात चीजची पळी घेऊन उभी होती. “वर पातेल्यात चीज दगड झालं होतं, ते पातळ करायला फाँदाँ हवी होती. इथे आयती दिसली.”

“दोन होते,” मी म्हणालो. “त्यातली फाँदाँ कुठली, हे तुला कसं कळलं?”

“हुंगून. नाक आहे मला.”

तळघरात पुन्हा ती चर्चमधली शांतता आली. म्हणजे पिपातून काढलेलीच वाइन पिपात परत गेली होती. पीप जसेच्या तसे होते. आणि मी धरून अख्ख्या वतनदारीने त्यात फाँदाँ चाखली होती.

हळूहळू माझ्या ध्यानात आले, की प्रयोग यशस्वी झाला आहे. डोळे न बांधता, मांडणीच्या शतपट उत्तम! मी घसा साफ केला. “काकू, मी अर्धे म्हटलं होतं. सगळेच चुकले. तेव्हा किल्ली...”

“सगळ्यांत तू नव्हतास का?”

“तत्त्वतः पाहिलं तर...”

“तत्त्वतः तूच पहिला होतास. किल्ली मागणारे दोघेही आपल्याच पिपात फाँदाँ चाखून बसलेत. असल्या जिभांच्या हाती ही द्यायची?”

“पण काकू, चाखलीत तर तुम्हीही.”

“म्हणून तर मी मागत नाही.” त्या वळल्या. “सोलांज, तू घेतेस?”

“बाबा असताना? छे.”

“सिप्रियाँ, तुम्ही मघापासून गप्प आहात. तुम्हाला लागली फाँदाँ?”

सासऱ्यांनी पेल्यात पाहिले. “नाही.”

“जरासुद्धा?”

“जरासुद्धा नाही.”

टाळ्यांनी तळघर दणाणले. पाववाल्याने त्यांना मिठी मारली. एवढ्या गोंधळात एकच जीभ खरी निघाली, तेव्हा गुडघे गेले खड्ड्यात, किल्ली तहहयात सिप्रियाँकडे, असा ठराव फिरमाँनेच मांडला. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. लोकांना वाटले, अभिमानाने.

सगळे चीज खायला वर गेल्यावर त्यांनी माझी बाही धरली.

“जावईबापू, कोणाला सांगू नका. हिवाळ्यात आजारी पडलो ना, तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. चवही नाही. मला पाणी आणि वाइन सारखीच. किल्ली त्यापायीच टाकत होतो.”

“आणि गुडघे?”

“गुडघे उत्तम आहेत.”

प्रयोगशाळेत असे उपकरण आम्ही बाद करतो. परंतु न्यायाने बोलायचे, तर त्या दिवशी तळघरातल्या सगळ्या उपकरणांत तेवढे एकच असे होते, ज्याने नसलेली गोष्ट दाखवली नाही.

आता दर शनिवारी मी सासऱ्यांचा हात धरून त्यांना जिना उतरवतो, कारण गुडघ्यांचे सोंग गावासाठी चालू ठेवावे लागते. मागून सोलांज येते. ती पिपे हुंगते आणि वडिलांच्या कानात सांगते. ते मान हलवून निर्णय देतात. मला पेले विसळण्याचे काम मिळाले आहे. पीप निर्भेळ आहे, हे मी मोजूनही पाहिले. आम्ले जागच्या जागी आहेत, शंकेला वाव नाही.

फक्त पेले विसळण्याआधी तळाशी उरलेला थेंब मी चाखतो, आणि काय सांगू, मला त्यात अजूनही किंचित फाँदाँ लागते.