रामहरीची तिरकी चौकट

सोलापूर, १९३४. मंगळवारी सकाळी आठ वाजता बजाबाईच्या खोलीत तिच्या नवऱ्याच्या, रामहरीच्या फोटोची काच फुटली. जखमी कोणी नाही. रामहरीचं तर त्या दिवशी वर्षश्राद्धच होतं.

आदल्या दिवशी मी शेजारधर्माला जागून छाती फुगवली होती. "सुतार कशाला, वहिनी? वर्तमानपत्रात मेलेल्यांच्या बातम्यांना काळ्या चौकटी घालण्यात माझा जन्म चाललाय! ही चौकट माझ्याकडे लागली!"

फोटो चौरस होता. गिरणीत काढलेला, रामहरीचा एवढाच एक. मी चार पट्ट्या कापल्या, चारी अगदी सारख्या! कोपऱ्यांत एकेक खिळा ठोकला. चौकट म्हाताऱ्या बाजेसारखी डुलायला लागली. डुलू नये म्हणून मी आणखी खिळे मारले. ती जशी कलली होती तशीच पक्की झाली!

मंगळवारी काच बसेना.

"बाजू मोजल्या व्हय, तात्या?" रामहरीचा धाकटा भाऊ आप्पा म्हणाला.

"चारी! दोऱ्याचाही फरक नाही!"

"मग काचच वाकडी आसंल. दाबा की!"

आम्ही दाबली. कडाड!

तेव्हा कुठे मला शाळेतली व्याख्या आठवली. चारी बाजू समान, आणि चारी कोन काटकोन. वाक्याचा पुढचा अर्धा भाग मी शाळेतच सोडून आलो होतो!

तेवढ्यात भटजी दारात. घाईघाईनं फोटो खळीनं चौकटीलाच चिकटवला. दोन कोपरे बाहेर डोकावू लागले, कात्री आप्पाच्या हातात होतीच. वरचा कोपरा गेला. त्यात नुसती भिंत होती. मग खालचा गेला.

"अरे, खांदा गेला!" मी ओरडलो.

"दुसरा हाय की!"

बजाबाई भिंतीला टेकून बसली होती. खाली पडलेल्या तुकड्याकडे बघून ती म्हणाली,

"त्याच खांद्यावर पोरगी बसायची, आप्पा. देवाघरी गेली ती."

आप्पानं कात्री खाली ठेवली. भटजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली, तोही हळू आवाजात.

अंक छापायला जाईपर्यंत हाती आलेली माहिती अशी: चौकट भिंतीवर आहे, तिरकीच. बजाबाई फोटोशी बोलताना मान कलती करते. नवी चौकट करून देतो म्हटलं, तर नको म्हणाली. कापलेला खांदा खोली झाडूनही सापडलेला नाही. बजाबाईच्या पदराला त्या दिवसापासून एक गाठ आहे. तीत काय आहे, हे अजून कोणी विचारलेलं नाही.