मास्तर कुणाचे?

"मास्तर, साहेब जाईपर्यंत तुम्ही पाहुणे आहात. इथे राहत नाही. लक्षात ठेवा!" असं बजावून ताईंनी हॉलमधल्या दिवाणावरची त्यांची उशी-पांघरूण उचललं आणि स्वतःच्या कपाटात कोंबलं.

ताईंच्या वृद्धनिवासात खोल्या आठ. पालिकेचा नियम सरळ होता : एका खोलीत एक माणूस, नवरा-बायको असतील तरच दोघं. हॉलमध्ये कुणालाही झोपवायचं नाही. नववे मास्तर. भाचा त्यांना 'जरा लक्ष ठेवा' म्हणून सोडून गेला, आणि तेव्हापासून त्याचा फोनच लागत नव्हता. परवानाही जाऊ द्यायचा नाही आणि मास्तरांनाही नाही, हे ताईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

तपासणीच्या साहेबांनी दारं उघडून पाहिली, बाथरूममधले धरायचे दांडे हलवून पाहिले. सगळं ठीक. मग त्यांची नजर मास्तरांवर गेली. पाहुण्यासारखं दिसावं म्हणून ते घरातही बूट घालून खुर्चीच्या टोकावर बसले होते.

"हे कोण?"

"पाहुणे," ताई म्हणाल्या.

"कुणाचे?"

हे ठरवायचं राहूनच गेलं होतं. ताईंनी तोंड उघडण्याआधी पहिल्या खोलीतले आजोबा मदतीला धावले. "माझा धाकटा भाऊ!"

"माझे व्याही!" त्याच क्षणी समोरच्या दारातून काकू ओरडल्या.

आतून गुडघेदुखीवाल्या मावशी लंगडत आल्या. "डॉक्टर, बरं झालं आलात!"

साहेबांचं पेन थबकलं. जन्मभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलेले मास्तर छताकडे पाहू लागले.

"म्हणजे भाऊही हेच, व्याहीही हेच आणि डॉक्टरही हेच?"

"पहिल्यापासून फार कर्तबगार!" आजोबा म्हणाले.

"ताई, खरं सांगा. हे इथेच राहतात ना? मला परवाना रोखावा लागेल."

"राहतात," ताई ताठ उभ्या राहिल्या. "आणि राहणार. खुशाल रोखा. मी वरपर्यंत भांडेन, पण ह्यांना बाहेर काढणार नाही."

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या आजी पुढे आल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "माझे होणारे यजमान आहेत ते. लग्न झालं की माझ्या खोलीत दोघं. बसतं ना नियमात?"

साहेबांनी नियम पुन्हा वाचला. "बसतं. पण लग्नाचा दाखला लागेल. पुढच्या महिन्यात येतो मी."

साहेब गेले आणि ताई मटकन खाली बसल्या. "आजी, आज वाचवलंत. पण आता दाखला कुठून आणायचा? काहीतरी खटपट करते मी."

"खटपट कसली? गुरुवारी जाऊ की नोंदणीला."

"अहो, पण ते खोटं होतं ना?"

"बाकीच्यांचं खोटं होतं," आजी म्हणाल्या. "मी कधीची वाट बघतेय, हे विचारतात कधी म्हणून."

ताईंनी वळून पाहिलं. मास्तर कानापर्यंत लाल झाले होते.

"विचारणारच होतो," ते पुटपुटले. "पण हॉलमध्ये झोपणाऱ्या माणसानं कुठल्या तोंडानं विचारायचं?"

"आता नका विचारू," आजी म्हणाल्या. "चार माणसांत होकार देऊन बसलेय मी."