कपाटातला वेढा

साऱ्या घरात रेकॉर्डिंगला शांत जागा एकच होती, ती म्हणजे झोपायच्या खोलीतलं भिंतीतलं मोठं कपाट. टांगलेले गरम कोट आणि वर रचलेली पांघरुणं आवाज पिऊन टाकत. त्यामुळे इतिहासाचे दोन प्राध्यापक, म्हणजे बाई आणि त्यांचे यजमान, दर आठवड्याला लॅपटॉप आणि माइक घेऊन त्यात शिरत आणि गुडघ्याला गुडघा लावून पॉडकास्ट करत. कपाटाला आतून कडी नव्हती की मूठ नव्हती. आत बसून कोणी दार उघडेल अशी शंका ते करणाऱ्या सुताराला आली नसावी. म्हणून दाराच्या फटीत एक चप्पल अडकवून ठेवायची, असा त्यांचा शिरस्ता होता.

पॉडकास्ट अभ्यासपूर्ण होता, याबद्दल वाद नव्हता. तो ऐकवत नव्हता, याबद्दलही नव्हता. दोन स्वतंत्र साक्षीदार मिळाल्याशिवाय सरांना सूर्य उगवला असंही म्हणवत नसे, आणि मिळाले तरी ते पुढे 'तथापि' लावत. विद्यार्थी त्यांना मागून 'तथापि सर' म्हणत, हे सर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. सरांच्या आई प्रत्येक भाग मोठ्या कौतुकाने ऐकायला बसत आणि दुसऱ्या 'तथापि'ला त्यांची मान छातीवर येई. एका भागात तर त्यांचं घोरणंही रेकॉर्ड झालं होतं.

ज्या संस्थेसाठी हा उद्योग चालला होता, तिथल्या संचालिकाबाईंनी काल फोनवर निक्षून सांगितलं होतं, "साध्या माणसाला शेवटपर्यंत जागं ठेवेल असा एक भाग उद्या संध्याकाळपर्यंत पाठवा, नाहीतर मालिका बंद." सर वरवर हसले, पण नंतर नीट जेवले नाहीत. आयुष्यभर वाचलेलं चार माणसांच्या कानावर पडावं, एवढी एकच हौस त्या माणसाला होती. बाई त्यांच्यावर कितीही वैतागत असल्या तरी हे त्यांना कळत होतं.

म्हणून आज दोघांनी विषय वेढ्याचा घेतला. पाणी संपत आलेला किल्ला, आत अडकलेले सैनिक आणि एका सकाळी शत्रूसाठी आतूनच उघडला गेलेला दरवाजा. तो का उघडला, हा प्रश्न. तोफांच्या आवाजासाठी बाईंनी एक रिकामी सुटकेसही आत नेली.

"तोफा होत्या याला एकच आधार आहे," सर म्हणाले.

"मग एकदाच वाजवीन," बाई म्हणाल्या.

दोघांचे फोन बाहेर पलंगावर ठेवले आणि कपाटासमोर खुर्ची टाकून आईंना पहाऱ्यावर बसवून बाईंनी बजावलं, "आई, आतून काहीही ऐकू आलं तरी दार उघडायचं नाही हं. वेढा आहे, आरडाओरडा, आदळआपट होणारच. तुम्ही बोलायचं नाही आणि कोणाला बोलू द्यायचं नाही."

"माझ्या तोंडाला कुलूप," आई म्हणाल्या आणि सावरून बसल्या.

सुरुवात बरी झाली. मग सर मध्येच थांबले. "एक तारीख तपासून घेतो. पुस्तक टेबलावर राहिलंय."

"अंदाजे सांगा ना!"

"अंदाजे?" बाईंनी शिवी दिल्यासारखं सरांनी पाहिलं. सरांनी दार ढकललं. दार हललं नाही.

"चप्पल कुठंय?" बाईंनी विचारलं.

चप्पल सरांच्या पायात होती.

"फटीतून फ्रिजची घरघर येत होती," सर म्हणाले.

"म्हणून चप्पल काढलीत? अहो, मी शंभरदा सांगितलंय, चप्पल काढू नका म्हणून!"

"याला पुरावा?"

"मी! मी स्वतः सांगितलंय!"

"तू या वादातली एक बाजू आहेस. तुझी साक्ष तपासून घ्यावी लागेल."

बाईंनी उत्तरादाखल सुटकेसवर दोन्ही मुठी आपटल्या. तोफा एकदाच वाजवायचं ठरलं होतं, पण आता त्यांना कशाचीच पर्वा नव्हती. "आई! दार उघडा! आम्ही अडकलोय!"

बाहेर खुर्ची आनंदाने करकरली. बाकी काही झालं नाही.

"तुम्ही ओरडा," बाई म्हणाल्या. "तुमची आई आहे."

सरांनी घसा साफ केला. "आई! आम्ही अडकलो आहोत असं मानायला सबळ कारण आहे!"

"अहो, नुसतं 'वाचवा' म्हणा!"

"वाचवा!" सर म्हणाले, आणि सवयीने पुढे, "तथापि घाबरू नकोस!"

एवढ्यात बाहेर शेजारीणबाईंचा आवाज आला. "काय हो, कोण ओरडतंय? भांडणं चाललीत का?"

"श्श!" आई म्हणाल्या. "वेढा पडलाय. बसा गुपचूप."

दुसरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाईंनी कपाळावर हात मारला. आत उकडायला लागलं होतं, डांबरगोळ्यांच्या वासाने सर शिंकत होते आणि प्रत्येक शिंकेला वरचं एकेक पांघरूण खाली येत होतं. बाईंना एकाएकी आठवलं, भाग संपला की सर नेहमी एकच वाक्य म्हणतात. ते ऐकलं तर आईंना कळेल. दोघं एका सुरात ओरडली, "आजच्यापुरतं इथेच थांबू या!"

दार बंदच राहिलं. आईंनी आजवर एकाही भागाचा शेवट ऐकला नव्हता, हे बाईंच्या फार उशिरा लक्षात आलं.

"पाणी!" बाई ओरडल्या. "आई, निदान पाणी तरी द्या!"

"किती खरं वाटतंय नाही?" शेजारीणबाई बाहेर कुजबुजल्या.

बाई मटकन सुटकेसवर बसल्या. "कळलं मला, त्यांनी दरवाजा का उघडला. किल्लेदाराला कंटाळून उघडला! पुरावे मागत बसला असेल मेला!"

"मुळीच नाही!" सर उसळले. त्यांचा चष्मा घामाने नाकावरून घसरला होता. "पाण्यासाठी उघडला! फितुरी नाही, लाच नाही, काही नाही! घशाला कोरड पडली की माणूस शत्रूलाही या म्हणतो!"

बाई बघतच राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने इतकं ठाम वाक्य उच्चारलं नव्हतं. "याला पुरावा?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी!" सर गरजले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते ओशाळून चष्मा पुसू लागले. आत सारं शांत झालं.

थोडा वेळ गेला आणि खट्कन दार उघडलं. उजेडात आई उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा उत्सुकतेने फुलला होता. "अरे, थांबलात काय? उघडला का नाही शेवटी दरवाजा त्यांनी?"

दोघं आधी तांब्याभर पाणी प्याली. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालूच होतं. बाई म्हणाल्या, "हेच पाठवू या. आई शेवटपर्यंत जाग्या राहिल्या."

"हे? यात एकही संदर्भ नाही! माझी शोभा होईल!" सरांचा पारा पुन्हा चढला. "मी आत्ता नीट करतो. दार उघडं ठेवून."

त्यांनी पुस्तक आणलं, तारीख तपासली, कपाटात बसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बाई बाहेर उभ्या राहिल्या. पहिला 'तथापि' झाला. दुसरा झाला. आईंची मान छातीवर आली आणि मंद घोरणं सुरू झालं.

सर थांबले. त्यांनी आईंकडे पाहिलं. "एका साक्षीदारावरून निष्कर्ष काढता येत नाही," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

बाईंनी दुसऱ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. शेजारीणबाईंचं डोकं भिंतीला टेकलं होतं आणि तोंड उघडं पडलं होतं.

सरांनी पुस्तक मिटलं.

"पहिलंच पाठव," ते म्हणाले.