फ्रिजवर रडलेली चार माणसं

"माझ्या घरचा फ्रिज चालू आहे की बंद, यमालाही कळणार नाही!" फ्रिज-मेकॅनिक छाती ठोकून सांगायचा. आवाज म्हणजे आजार, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा.

आणि असल्या माणसाला वेड कशाचं? 'बंद खिडक्या' नावाच्या पोस्ट-हार्डकोअर बँडचं! त्यात एक जण नरड्याच्या चिंध्या होईस्तोवर किंचाळतो आणि मागे दुसरा चुकलेल्या वासरासारखा हळूच गातो. बँड मोडून सात वर्षं झाली. चाहत्यांची भांडणं मात्र ठणठणीत!

मोठं भांडण शेवटच्या गाण्यावरून. किंचाळणं थांबतं आणि चाळीस सेकंद नुसती घरघर येते. चाहते म्हणायचे, ही विरहाची घरघर. मेकॅनिकने चाहत्यांच्या ग्रुपवर ठोकून दिलं, "डोंबलाचा विरह! रेकॉर्डिंगच्या खोलीत फ्रिज होता. कॉम्प्रेसरचे बोल्ट ढिले."

त्याच ग्रुपवर त्याचा धाकटा भाऊ होता. त्याने एक ओळ लिहिली. "आई गेली तेव्हा मी त्या घरघरीवर झोपत होतो, दादा."

झालं! तीन वर्षं अबोला.

मेकॅनिकने माफी मागितली असती तर भागलं असतं. पण ताठ मानेला माफीचं वावडं! त्याने पुरावा दाखवायला ग्रुपवरच्या सगळ्यांना रविवारी दुपारी वर्कशॉपवर बोलावलं. भांडायला तरी धाकटा येईल, ही पोटातली खरी गोष्ट. ती कुणाला सांगतो!

दुरुस्तीला आलेला एका मावशींचा जुना फ्रिज हुबेहूब तसाच घरघरत होता. "गार कर, पण आवाज घालवू नकोस हं," असं त्या बजावून गेल्या होत्या. तेव्हा हा फिदीफिदी हसला होता.

रविवारी तिघं आले. दंतवैद्य, लायब्ररीतल्या बाई आणि दाराशी, चपला न काढता, धाकटा.

"ते किंचाळणं म्हणजे राग नाहीच," दंतवैद्य म्हणाला. "माझ्या खुर्चीत रोज माणसं असंच ओरडतात. ते दुखणं असतं."

"मी दिवसभर लोकांना गप्प बसवते," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी माझ्या वाटचं कुणीतरी ओरडलेलं बरं वाटतं."

धाकटा दादाकडे बघेना.

गाणं लागलं. सगळ्यांनी डोळे मिटले. शेवटची किंकाळी संपताच मेकॅनिकने गाणं बंद केलं आणि फ्रिजचं बटण दाबलं. घर्रर्र! दंतवैद्याने नाक ओढलं. बाईंचा पदर भिजला. धाकट्याची हनुवटी थरथरली.

"बघा! फ्रिज आहे फ्रिज!" मेकॅनिक ओरडणार, तेवढ्यात दारात मावशी! फ्रिजभोवती तीन माणसं ढसाढसा रडताहेत!

"अगं बाई! गेला का हो माझा फ्रिज?"

"मावशी, अहो चालू..."

"खोटा धीर देऊ नकोस रे!" मावशींनी फ्रिजला मिठीच मारली. "ह्यांनी आणला होता. ते गेल्यापासून ह्याच्या आवाजावर झोपते मी!" मग मिठीतच त्या थबकल्या. "अय्या, चालू आहे की मेला!"

कुणी हसलं नाही. धाकट्याने डोळे पुसले आणि तीन वर्षांनी तोंड उघडलं, "फ्रिज तर फ्रिज. मग काय झालं, दादा?"

दादाने फ्रिजचा प्लग काढून वायर गुंडाळली.

सगळ्यांनी मिळून फ्रिज टेम्पोत चढवला. धाकटा तो धरून मागे बसला आणि गेलाही. वाद जिंकलेला मेकॅनिक रिकाम्या वर्कशॉपमध्ये उभा राहिला. घरी आला, तर तिथेही शांतता! स्वतःच्या हातची, नंबर एक कारागिरीची!

त्याने पाना घेतला आणि आपल्या फ्रिजचे बोल्ट ढिले केले. घर्रर्र! फोनवर आवाज भरून धाकट्याला पाठवला.

तासाभराने उत्तर आलं, "बेसूर आहे. रविवारी येऊन लावून देतो. तोवर हात लावू नकोस."

सोमवारी त्या थरथरीने नळी तडकली, गॅस उडाला. बुधवारी दूध नासलं, गुरुवारी भाजी. दोन तासांचं काम! पण शहरातल्या एक नंबर मेकॅनिकने रविवारपर्यंत फ्रिजला बोट लावलं नाही!