मंडळी सुकली!

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांनी गांडुळांना ‘मंडळी’ म्हणायला सुरुवात केली, तिथेच सगळा घोटाळा झाला. पण करणार काय? घरात ‘गांडूळ’ म्हटलं की काकू भरल्या ताटावरून उठायच्या. मग गांडुळं पुरवणारा रोपवाटिकेवालाही फोनवर ‘मंडळी’च म्हणू लागला.

हवा अशी कोरडी की शर्ट दोरीवर टाकेपर्यंत वाळावा. आधी आणलेली मंडळी खताच्या डब्यातच सुकून काड्या झाली. थोरल्या बहिणीकडे निघताना काकूंनी बजावलं, "ही शेवटची खेप. मी येईन तेव्हा जिवंत दिसली नाहीत, तर डबा भंगारात. मेलेले जीव उचलायला मी नाही बसले."

आणि काकू यायच्या दिवशीच पार्सल आलं, तेही मलूल. काकांनी डबा न्हाणीघरात नेला, वर ओलं गोणपाट टाकलं आणि काळजीनं शेजारीच बसले. तेवढ्यात फोन वाजला. चष्मा कुठे सापडायला! नाव न वाचताच त्यांनी उचलला.

"काय, पोहोचली का मंडळी?"

रोपवाटिकेवालाच, दुसरं कोण! "पोहोचली हो, पण अर्धमेली. प्रवासात पार सुकली."

"अरे बापरे! मग आता?"

"न्हाणीघरात ठेवलीय अंधारात. अंगावर ओलं गोणपाट टाकलंय."

"गोणपाट?" पलीकडचा आवाज चिरकला. "पोटात काही गेलं का?"

"केळीची सालं टाकलीत. कुजली की खाईल."

फोन बंद झाला. तो होता दोन गल्ल्या सोडून राहणारा काकूंचा भाऊ. बिचारा ताई पोहोचली का, एवढंच विचारत होता. बायकोला ‘मंडळी’ म्हणायची जुनी सवय त्याची!

थोड्याच वेळात तो डॉक्टरांना ओढत हजर झाला. मागे त्याची बायको, हातात मीठ-साखरेच्या पाण्याचं भांडं.

"कुठंय ती?"

"हळू बोला," काका कुजबुजले, "आत्ता कुठे वळवळायला लागलीय."

मेव्हण्यानं न्हाणीघराचं दार ढकललं. डॉक्टरांनी गोणपाट बाजूला केलं. मेव्हण्याच्या बायकोनं अशी किंकाळी फोडली, की भांडं कलंडलं.

"अहो, मीठ! मिठानं मरतील!" म्हणत काकांनी डब्यावर झेप घेतली. सगळं पाणी त्यांच्या पाठीवर.

काका असे डब्याला कवटाळून पडलेले असताना दारात काकू, हातात बॅग. बस उशिरा आली होती. भावानं अडखळत सगळं सांगितलं. डॉक्टर छताकडे बघत हसू दाबत होते.

"गेली का हो सगळी?" काकूंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच काकांना नवल वाटलं.

काकांनी एक साल उचललं. खाली दोन-तीन लालसर जीव मजेत हलत होते. काकांचे डोळे पाणावले.

"या घरात मंडळी एकच," काकू म्हणाल्या. "ह्यांना दुसरं नाव बघा."

"पाहुणे म्हणू?"

"काहीतरीच! पाहुणे परत जातात," म्हणत काकूंनी बॅग खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि गोणपाट नळाखाली धरलं.